कौल आणि कारण : चंद्रपूर-गडचिरोलीतून ज्यूरीकडे पाहताना

फौजदारी खटल्यात आरोप सिद्ध झाला की नाही, हे ठरवण्याचे काम न्यायाधीशाकडे न ठेवता समाजातून निवडलेल्या काही सामान्य नागरिकांकडे सोपवण्याची रीत म्हणजे ज्यूरी पद्धती होय. या रीतीत कायद्याचा अर्थ काय, कोणता पुरावा ग्राह्य धरायचा आणि शिक्षा किती द्यायची, हे न्यायाधीश पाहतो. घटना घडली का आणि ती आरोपीनेच केली का, हा वस्तुस्थितीचा प्रश्न मात्र ज्यूरी सोडवते आणि तो सोडवताना कारणे देण्याचे बंधन तिच्यावर नसते. १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता १ एप्रिल १९७४ पासून अमलात आली तेव्हा भारतातील फौजदारी न्यायालयांतून ही रीत संपली, आणि पारशी विवाहविषयक खटल्यांत न्यायाधीशाबरोबर बसणारे समाजाचे प्रतिनिधी एवढाच तिचा अवशेष उरला. मुंबईच्या नानावटी खटल्याने ज्यूरीचा बळी घेतला, ही मराठी वाचकांत रूढ झालेली समजूत फार तर अर्धी खरी आहे, कारण विधी आयोगाने आपल्या चौदाव्या अहवालात ज्यूरी बंद करण्याची शिफारस १९५८ मध्येच, म्हणजे त्या खटल्यातील गोळ्या झाडल्या जाण्याच्या आदल्या वर्षी, केलेली होती.

ज्यूरीची चर्चा बहुधा मुंबईच्या उच्च न्यायालयाभोवती फिरत राहते, आणि तसे होणे स्वाभाविकही आहे. १८९८ च्या संहितेनुसार सत्र न्यायालयातील खटला एकतर ज्यूरीसमोर किंवा असेसरांच्या मदतीने चालत असे. ज्यूरी कोणत्या जिल्ह्यात आणि कोणत्या गुन्ह्यांसाठी बसवायची हे सरकार ठरवी, आणि ती मुख्यतः मोठ्या शहरांत व निवडक जिल्ह्यांत असल्यामुळे उरलेल्या हिंदुस्थानाच्या वाट्याला असेसर येत. असेसर हेही गावातले, बाजारपेठेतले प्रतिष्ठित गृहस्थच असत. खटला ऐकून झाल्यावर न्यायाधीश प्रत्येकाला तोंडी मत विचारी व ते नोंदवून घेई, परंतु ते मत त्याच्यावर बंधनकारक नसे. ही पद्धत १९५५ च्या दुरुस्तीने बंद झाली आणि तिच्यासाठी कोणी अश्रू ढाळले नाहीत. चंद्रपूर आणि १९८२ मध्ये त्यातून वेगळा झालेला गडचिरोली या दोन जंगल-जिल्ह्यांतून पाहिले असता मात्र ज्यूरीइतकाच हा विसरलेला असेसरही महत्त्वाचा वाटू लागतो, कारण सामान्य माणसाने न्यायदानात कुठवर हात घालावा हा प्रश्न येथे पुस्तकी राहिलेला नाही. एकीकडे ग्रामसभा जंगलाचे व गावाचे निर्णय घेतात, दुसरीकडे माओवाद्यांनी भरवलेल्या तथाकथित जनअदालतींनी माणसे मारली आहेत, आणि या दोहोंच्या मध्ये जिल्हा व सत्र न्यायालय आहे, जिथल्या कामकाजाची भाषा आरोपीला कित्येकदा पुरती कळत नाही.

पुढील संवादातील दोन व्यक्ती या दोन भूमिका आहेत. सत्र न्यायालयात आयुष्यभर फौजदारी वकिली केलेला वकील ज्यूरीविषयी साशंक आहे. ग्रामसभांबरोबर काम करणारी कार्यकर्ती सामान्य माणसाला न्यायालयात पुन्हा जागा मिळावी अशा मताची आहे. दोघांच्या बोलण्याला जिथे पुरवणी हवी, तिथे ती मध्ये जोडली आहे.

कार्यकर्ती : वकीलसाहेब, या जिल्ह्याच्या इतिहासात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते, ती ही की ज्या खटल्यात सरकार स्वतःच दुखावलेला पक्ष असते, त्या खटल्यातून सामान्य माणसाला आधी बाहेर काढले जाते. मोलमपल्लीचे जमीनदार बाबुराव शेडमाके यांनी १८५८ मध्ये कंपनी सरकारविरुद्ध बंड केले, सप्टेंबरात ते पकडले गेले आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात फाशी गेले. महिन्याभरात उरकलेल्या त्या चौकशीत त्यांच्या मुलखातल्या एकाही माणसाला मत विचारले गेले नाही. चिमूरला १६ ऑगस्ट १९४२ रोजी गोळीबार झाला, चिडलेल्या जमावाच्या हातून अधिकारी व पोलीस मारले गेले, आणि तो खटला वटहुकूमाने नेमलेल्या विशेष न्यायालयापुढे चालला, जिथे ज्यूरीही नव्हती आणि असेसरही नव्हते. फाशीच्या शिक्षा झाल्या. त्या टळल्या त्या अनसूयाबाई काळे यांच्यासारख्यांनी चालवलेल्या दीर्घ खटपटीमुळे, १९४५ साली. नऊ चिमूरकर न्यायासनाजवळ बसलेले असते, तर इतक्या सहजी इतके फास तयार झाले असते का?

वकील : बसलेले चिमूरकरच असते, हे ताई तुम्ही गृहीत धरता आहात. लोकमान्य टिळकांवरच्या दोन्ही राजद्रोहाच्या खटल्यांत ज्यूरी होती. १८९७ मध्ये सहा युरोपियन आणि तीन हिंदी सदस्य होते, तेव्हा सहांनी दोषी म्हटले आणि तिघांनी निर्दोष. १९०८ मध्ये सात युरोपियन आणि दोन पारशी होते, तेव्हा सात विरुद्ध दोन. कौलाची फोड वंशाच्या रेघेवर इतकी नेमकी पडते, तेव्हा ज्यूरीने पुरावा तोलला असे म्हणणे धाडसाचे ठरते. चिमूरच्या खटल्यात ज्यूरी दिलीच असती, तर नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधून दिली असती, आणि फाशीच्या हुकमावर 'लोकांनीच दोषी ठरवले' असा शिक्का वर पडला असता. चिमूरमधूनच निवडली असती, तर तिने पुरावा न पाहताच सर्वांना सोडले असते. ते देशभक्तीचे कृत्य झाले असते, पण त्याला न्यायनिवाडा म्हणता आले नसते.

कार्यकर्ती : म्हणजे दोष यादी कोणी केली याचा आहे. ज्यूरीवर तो कशाला लादायचा?

वकील : ज्यूरी म्हणजे यादीच. तिला स्वतःचे असे दुसरे काय आहे?

येथे एक नोंद आवश्यक आहे. जुन्या संहितेनुसार ज्यूरी व असेसर म्हणून बसण्यास पात्र माणसांची यादी सत्र न्यायाधीश आणि जिल्ह्याचा कलेक्टर मिळून करीत, आणि त्या यादीत २१ ते ६० वर्षे वयाच्या पुरुषांनाच जागा होती. 'आपल्या बरोबरीच्या लोकांकडून न्याय' हे ज्यूरीचे मूळ तत्त्व सांगितले जाते. परंतु एखाद्या बाईवरील अत्याचाराचा खटला या संहितेखाली जेव्हा ज्यूरीपुढे जाई, तेव्हा तिच्या बरोबरीचे तिथे कोणीच नसे. कार्यकर्तीने ही गोष्ट नाकारली नाही. नानावटी खटल्याबाबतही तिने फारसा वाद घातला नाही : १९५९ मध्ये ग्रेटर बॉम्बे सत्र न्यायालयाच्या ज्यूरीने आठ विरुद्ध एक मताने आरोपीला निर्दोष ठरवले, 'ब्लिट्झ' साप्ताहिकाने आरोपीच्या बाजूने आघाडीच उघडली होती, न्यायाधीशाने असहमती नोंदवून प्रकरण उच्च न्यायालयाकडे धाडले, तिथे जन्मठेप झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने ती १९६१ मध्ये कायम केली. न्यायाधीशाने ज्यूरीला केलेल्या मार्गदर्शनातच चुका होत्या असे उच्च न्यायालयाने म्हटले होते, ही बाब ज्यूरीचे टीकाकार सहसा सांगत नाहीत. नऊ माणसांना चुकीचा रस्ता दाखवून ती चुकली म्हणून हसणे सोपे असते. दोघांचा खरा वाद पेटला तो याच जिल्ह्यातल्या एका प्रकरणावर.

कार्यकर्ती : ज्यूरी भावनेच्या भरात वाहते आणि प्रशिक्षित न्यायाधीश वाहत नाही, हे तुमचे मुख्य म्हणणे. मग देसाईगंजचे काय? २६ मार्च १९७२ च्या रात्री देसाईगंज पोलीस ठाण्यात एका तरुण आदिवासी मुलीवर पोलिसांनीच अत्याचार केल्याचा आरोप झाला. देसाईगंज, ज्याला सगळे वडसा म्हणतात, ते तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होते. चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने १ जून १९७४ रोजी, म्हणजे ज्यूरीची तरतूद कायद्यातून गेल्यावर बरोबर दोन महिन्यांनी, दोन्ही पोलिसांना सोडले. आणि सोडताना मुलीला शरीरसंबंधांची सवय असल्याचे सांगून तिची संमती गृहीत धरली. नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये तो निकाल फिरवला, कारण भीतीपोटी गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे हे तिथल्या न्यायाधीशांना दिसले. पण सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर १९७८ मध्ये पोलिसांना पुन्हा निर्दोष ठरवले. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराची खूण नाही, म्हणून संमती, असा तो विचार. ही सगळी माणसे कायद्याची पदवी घेतलेली, बढतीने वर चढलेली, वर्तमानपत्रांच्या गदारोळाने न डगमगणारी होती. रात्री दिवे मालवलेल्या पोलीस ठाण्यात, दाराबाहेर नातलग उभे असताना, एका मजूर मुलीने आरडाओरडा का केला नाही, हे वडशाच्या धानाच्या शेतात राबणाऱ्या कोणत्याही बाईने त्यांना समजावून दिले असते.

वकील : बाईने दिले असते, हे खरे. पण १९७४ ची ज्यूरी बायांची नसती. यादीत बहुधा राईस मिलवाले, लाकडाचे ठेकेदार, मालगुजार घराण्यांतली माणसे आणि एखादा निवृत्त मुख्याध्यापक असता, आणि 'सवयीची' हा शब्द त्यांनी सत्र न्यायाधीशापेक्षा अधिक ठसक्यात उच्चारला असता. फरक एवढाच की तो त्यांनी बंद खोलीत उच्चारला असता. बाहेर येऊन प्रमुखाने 'निर्दोष' एवढा एक शब्द सांगितला असता आणि विषय संपला असता. ताई, देसाईगंजच्या प्रकरणात पुढे काय घडले ते आठवा. कायद्याच्या चार अध्यापकांनी, उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर यांनी, सप्टेंबर १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना उघडे पत्र लिहिले. ते पत्र ते कशाच्या जोरावर लिहू शकले? निकालपत्र कागदावर होते म्हणून. न्यायाधीशांनी कोणत्या पायरीवरून कोणत्या पायरीवर उडी मारली, हे ओळ दाखवून सांगता आले म्हणून. त्यातून स्त्रियांचे आंदोलन उभे राहिले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलीस कोठडीतल्या अशा अत्याचारात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि बाईने संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालयाने संमती नव्हती असेच गृहीत धरायचे, ही तरतूद तेव्हा आली. ज्यूरीच्या 'निर्दोष' या एका शब्दाविरुद्ध उघडे पत्र लिहून बघा, लिहिणार काय?

कार्यकर्ती : चुकीची कारणे मिळाली हा न्याय मिळाल्याचा पुरावा होत नाही. कायदा बदलला तो पुढच्यांसाठी. त्या मुलीला काय मिळाले?

वकिलाने या प्रश्नाला उत्तर दिले नाही, आणि त्याला उत्तर आहे असे दिसतही नाही. तरीही त्याच्या युक्तिवादातील गाभा बाजूला सारता येत नाही. ज्यूरीविषयीच्या चर्चेत सामान्य माणूस शहाणा की न्यायाधीश शहाणा, असा सामना लावण्याची जी सवय आहे, तिच्यात बोलण्याला रंग चढतो, पण निर्णय होत नाही. दोघेही आपापल्या काळाचे पूर्वग्रह घेऊनच बसतात. त्यापेक्षा निर्णायक भेद हा की न्यायाधीशाला आपला पूर्वग्रह वाक्यात लिहावा लागतो आणि ज्यूरीला तो लपवता येतो. ज्यूरीचे समर्थक याच गुप्ततेला तिचे बळ मानतात, कारण कारण द्यावे लागत नाही म्हणूनच ज्यूरी जुलमी कायद्याखालच्या आरोपीला मोकळे सोडू शकते. पण तीच गुप्तता गावगुंडाला किंवा वर्दीतल्या गुन्हेगारालाही तितकीच उपयोगी पडते.

कार्यकर्ती : सामान्य माणसे कारणे देत नाहीत, हे तरी कुठे ठरले? धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावात निर्णय सर्वसहमतीने होतो. एकाचा जरी विरोध असेल, तरी विषय पुढच्या बैठकीवर जातो आणि विरोध करणाऱ्याने आपले म्हणणे सर्वांसमोर मांडायचे असते. निर्णयाआधी अभ्यासगट बसतो, बाहेरच्या जाणकाराला बोलावतो, कायद्याचे पुस्तक उघडतो. अभ्यासगटाने फक्त समजून घ्यायचे, ठरवायचे ग्रामसभेने. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्याबरोबर या गावाने ही रीत वर्षानुवर्षे घोटली, म्हणूनच २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक वनहक्क गावाला मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांना गावात येऊन द्यावे लागले. पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींचा १९९६ चा कायदा, त्याने तर ग्रामसभेला परंपरागत रीतीने तंटे सोडवण्यास सक्षम म्हटले आहे. कायद्याला मान्य असलेली ही ज्यूरीच आहे, फक्त न्यायालयाच्या इमारतीबाहेरची.

वकील : मेंढा हे मेंढा आहे. जिवती तालुक्यातले वणी खुर्द हेही गावच आहे. तिथे ऑगस्ट २०२१ मध्ये जादूटोण्याच्या संशयावरून म्हाताऱ्या बायाबापड्यांना भर चौकात बांधून मारहाण झाली. एटापल्ली तालुक्यात बारसेवाड्याला मे २०२४ मध्ये, पोलिसांच्या म्हणण्यानुसार गावात बैठक झाल्यावर, एका बाईला आणि एका पुरुषाला जादूटोणा केल्याच्या संशयावरून जाळून मारण्यात आले. आरोप ऐकला गेला, माणसे जमली, एकमत झाले. सर्वसहमतीचे हेही एक रूप आहे, आणि तुम्ही ते मोजायला तयार नाही.

कार्यकर्ती : मोजायला हवे, कबूल. पण दोन गोष्टी वेगळ्या करून मोजा. बांबू कधी तोडायचा, मोहफुलाचा भाव काय, वणवा लावणाऱ्याला दंड किती, हे सर्वांच्या हिताचे प्रश्न सहमतीने सुटतात. एका माणसाने गुन्हा केला की नाही, हा सर्वांनी मिळून एकाविरुद्ध ठरवायचा प्रश्न आहे. तिथे सहमतीत आरोपीला धरलेलेच नसते. मेंढ्याची रीत पाळली असती, तर ज्याला जाळायचे त्याचाही होकार लागला असता आणि कोणी जळले नसते.

हे उत्तर कार्यकर्तीच्या तोंडून आले असले तरी तिच्याच आधीच्या दाव्याला ते छेद देते, आणि या संवादात ज्यूरीचे वेगळेपण सर्वांत स्पष्ट होते ते याच ठिकाणी. ज्यूरीचे सारे नियम अपरिचितपणावर उभे आहेत : ज्याने आरोपीला किंवा फिर्यादीला ओळखले त्याला वगळायचे, उभय पक्षांना सदस्यांवर हरकत घेऊ द्यायची, खटला संपेपर्यंत बाहेरच्या गप्पांपासून त्यांना दूर ठेवायचे. गावाची बैठक नेमक्या उलट पायावर असते. तिथे प्रत्येकाला प्रत्येकाचा आजा माहीत असतो, कोणाच्या बांधावरून कोणाशी वैर आहे हे ठाऊक असते, आणि ही माहिती तंटा मिटवायला जितकी उपयोगी, तितकीच अपराध ठरवायला घातक असते. जात पंचायतींच्या बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ चा स्वतंत्र कायदा करावा लागला तो याच कारणाने. माओवाद्यांच्या जनअदालतीची गोष्ट तर वेगळीच आहे : तिथे आरोप करणारा, निवाडा सांगणारा आणि गोळी घालणारा एकच असतो आणि गावाला फक्त प्रेक्षक म्हणून बसवले जाते, त्यामुळे तिला लोकांचे न्यायालय म्हणणे हा लोकांवरच अन्याय आहे. या मुद्द्यावर वकील आणि कार्यकर्ती यांच्यात दुमत नव्हते.

वकील : आणि सामान्य माणसाला न्यायालयात जागाच नाही, हेही खरे नाही. पंच असतोच.

कार्यकर्ती : तो पंच! पोलिसांची गाडी थांबते, चहाच्या टपरीवरचे दोघे गाडीत बसवले जातात, झडती होते, पंचनामा लिहिला जातो, खाली सही किंवा अंगठा. चार वर्षांनी समन्स येते, एस. टी. बदलत माणूस न्यायालयात पोहोचतो आणि 'पोलिसांनी कोऱ्या कागदावर सही घेतली' असे सांगून मोकळा होतो. तुम्ही लगेच त्याला फितूर जाहीर करायला सांगता. ज्याला जंगलात परत जायचे आहे त्याने दुसरे काय सांगावे?

वकील : ते सांगणे सरकारी वकिलाचे काम, बचावाच्या वकिलाला तो देवासारखा भेटतो. पण या पंचानेच अलीकडे केवढा खटला हलवला ते पाहा. गडचिरोली सत्र न्यायालयाने ७ मार्च २०१७ रोजी प्रा. जी. एन. साईबाबा यांच्यासह पाच जणांना जन्मठेप आणि सहाव्याला दहा वर्षे अशी शिक्षा दिली. निकालपत्र आठशेहून अधिक पानांचे. नागपूर खंडपीठाने ५ मार्च २०२४ रोजी सर्वांना निर्दोष ठरवले, तेव्हा घरझडतीचा पंच निरक्षर होता आणि विद्यापीठाच्या वस्तीत लिहितावाचता पंच सहज मिळाला असता, हाही मुद्दा न्यायालयाने उचलला. आठशे पाने लिहिली गेली म्हणून ती खोडता आली. ज्यूरीने 'दोषी' म्हटले असते, तर वरच्या न्यायालयाला हात घालायला जागा किती उरली असती?

कार्यकर्ती : खोडायला सात वर्षे लागली, आणि तोवर एक आरोपी तुरुंगातच मेला.

सात वर्षांचा हा हिशेब ज्यूरीच्या बाजूने की विरुद्ध जातो, हे सांगणे अवघड आहे. ज्यूरीचे खटले सलग चालतात आणि लवकर संपतात हे खरे, परंतु भयाचा प्रश्न त्याने सुटत नाही. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात ज्यूरीचे सदस्य गुप्त ठेवणे अशक्य आहे. कोण कोणाच्या खटल्याला बसला हे आठवडी बाजारात कळते, आणि 'खबऱ्या' ठरवून माणसे मारली गेलेल्या प्रदेशात दोषी म्हणणाऱ्याला एका बाजूचे आणि निर्दोष म्हणणाऱ्याला दुसऱ्या बाजूचे भय राहील. त्यात भाषांचा गुंता आहे. उत्तरेला कोरची-कुरखेड्याकडे छत्तीसगढी, भामरागडला माडिया, मधल्या भागात गोंडी आणि मराठी, सिरोंच्याला तेलुगू, चामोर्शी-मुलचेऱ्याच्या पुनर्वसित गावांत बंगाली, असा हा जिल्हा आहे. येथून सरळ चिठ्ठ्या टाकून नऊ जण उचलले, तर त्यांना आपसात चर्चा करण्यासाठीच दुभाषा लागेल. आरोपीला न कळणाऱ्या भाषेत साक्ष झाली तर ती त्याला समजावून सांगावी, असे संहितेने म्हटले आहेच. पण समजावून सांगणारा बहुधा हाताशी सापडलेला शिपाई किंवा पोलीस असतो, आणि त्याला माडिया येते म्हणजे त्याला आरोपीचे म्हणणे पोहोचवायचे आहे असे होत नाही.

कार्यकर्ती : तर मग ज्यूरी राहू द्या, असेसर परत आणा. निर्णय न्यायाधीशाचाच राहो, निकालपत्रही त्याचेच. पण त्याच्या शेजारी आरोपीची भाषा आणि रीत जाणणारी तीन माणसे बसू द्या, त्यात किमान दोन बाया. साक्ष संपल्यावर प्रत्येकाने आपले मत कारणांसह उघड न्यायालयात द्यायचे, आणि न्यायाधीशाला ते नाकारायचे असेल तर का नाकारले ते त्याने लिहायचे. जपानने २००९ पासून गंभीर खटल्यांत तीन न्यायाधीश आणि सहा नागरिक एका मेजाभोवती बसवले आहेत, आणि तिथे कारणे लिहिली जातात. वडशाच्या खटल्यात अशी एक बाई असती, तर 'ती ओरडली नाही कारण ओरडून येणार कोण, पोलीसच ना' एवढे एक वाक्य नोंदीत राहिले असते. चंद्रपूरच्या न्यायाधीशाला त्याचे उत्तर द्यावे लागले असते, दिल्लीच्या न्यायाधीशांनाही.

वकील : जुने असेसर का गेले, तेही ध्यानात घ्या. त्यांचे मत कोणी मानत नसे, म्हणून ते मन लावून ऐकत नसत, आणि ते मन लावून ऐकत नसत म्हणून त्यांचे मत कोणी मानत नसे. न्यायाधीशाने उत्तर द्यायचे, ही तुमची अट त्या चक्रातून वाट काढू शकेल. तेवढी ती पटते. पण यादी?

कार्यकर्ती : ग्रामसभांनी नावे द्यावीत. गुन्हा जिथला, त्या तालुक्याबाहेरची.

वकील : भामरागडच्या माडिया आरोपीसाठी कुरखेड्याचा असेसर आणाल, तर त्याला भाषा कळणार नाही. भामरागडचाच घ्याल, तर तो आरोपीच्या सोयऱ्याचा सोयरा निघेल, आणि नाही निघाला तरी संध्याकाळी त्याला त्याच रस्त्याने घरी जायचे आहे.

कार्यकर्ती : एटापल्ली आणि भामरागड यांची यादी एकत्र करा, सीमेपलीकडच्या बस्तरमधली माणसेही त्यात चालतील. घातपाताचे आणि नक्षल प्रकरणांचे खटले तूर्त वगळा. सुरुवात करा ती बायांवरच्या अत्याचाराच्या, जमिनीच्या भांडणातून झालेल्या मारामारीच्या आणि वनगुन्ह्यांच्या खटल्यांपासून.

वकील : आणि जादूटोण्याच्या?

कार्यकर्तीने त्यावर बराच विचार केला. अशा खटल्यात असेसरही तीच श्रद्धा घेऊन बसण्याचा संभव आहे, हे तिने मान्य केले. परंतु गावातल्या कोणी, कोणत्या भांडणापायी, कोणाच्या तोंडून पहिल्यांदा 'हा करणी करतो' असे वदवून घेतले, हे शोधायला बाहेरचा न्यायाधीश असमर्थ असतो आणि असेसर समर्थ असतो, म्हणून ते खटलेही वगळू नयेत, असे तिचे म्हणणे पडले. वकिलाला ते मान्य झाले नाही. अशा खटल्यात असेसराने दिलेली कारणे न्यायाधीशाला खोडता येतील, पण ती उघड न्यायालयात उच्चारली गेल्यावर गावात जाऊन पोहोचतील आणि तिथे ती कोणी खोडणार नाही, असा त्याचा आक्षेप होता.